अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमध्ये पोस्टसीझन म्हणजे नक्की काय?

तुम्ही विचारलंय की भाचीची टीम सीझनमध्ये चांगली खेळली तरी 'पोस्टसीझनला जाऊ की नाही माहीत नाही' असं ती का म्हणते. बरोबर म्हणतेय ती. पोस्टसीझन म्हणजे नेहमीचा सीझन संपल्यावरच्या टूर्नामेंट्स, आणि तिथे प्रत्येक टीमला जागा मिळतेच असं नाही. ती डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या स्तरावर, आहे असं धरून सांगतो.

ऑगस्टपासून ऑक्टोबर संपेपर्यंत रेग्युलर सीझन, मग बहुतेक कॉन्फरन्सची (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) स्वतःची टूर्नामेंट, ती जिंकली की एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, राष्ट्रीय टूर्नामेंटचं तिकीट थेट हातात. नाही जिंकली तर मग एनसीएएच्या निवड कमिटीच्या भरवशावर, कोणाशी खेळलात, किती तगड्या टीमला हरवलंत हे सगळं बघून ते उरलेल्या जागा भरतात, आणि तीनशेच्या वर टीम्समधून घेतात फक्त 64. नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी यादी लागते, सगळी टीम एका खोलीत टीव्हीसमोर बसलेली असते, आपल्याकडे दहावीच्या रिझल्टला असायची ना तशी शांतता.

त्यानंतर एक मॅच हरली की खेळ खल्लास. रेग्युलर सीझनमध्ये 2022 पासून एक्स्ट्रा टाइमच नाही, बरोबरी तर बरोबरी, पण इथे दहा-दहा मिनिटं दोनदा आणि तरी नाही सुटलं तर पेनल्टी. गंमत म्हणजे पेनल्टीवर हरलेल्या टीमच्या रेकॉर्डमध्ये ती मॅच ड्रॉ म्हणूनच लागते, पण घरी जायचं ते जायचंच!

उरलेल्या शेवटच्या चार टीम्स कॉलेज कपला, म्हणजे सेमीफायनल आणि फायनलला, डिसेंबरच्या सुरुवातीला. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या मुलींनी एनसीएएची ही टूर्नामेंट 22 वेळा जिंकलीय, शेवटची 2024 मध्ये. मॅच बघायला जाणार असाल तर जाड जॅकेट न्या, नोव्हेंबरच्या रात्री स्टँडमधली ती पत्र्याची बाकं बर्फासारखी लागतात.