ऍक्टिव्हाचा मागचा टायर मी घरी बदलला, हवा मात्र फाट्यावर भरली

भाऊ, तुमच्या ऍक्टिव्हाचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, नवा तुम्ही ऑनलाइन मागवलाय, आणि गल्लीतला पंक्चरवाला "आमच्याकडून घेतला नाही, आम्ही बसवत नाही" म्हणतोय. म्हणून तुम्ही विचारताय की हा ट्यूबलेस टायर घरीच बदलता येईल का.

येईल. गेल्या मे महिन्यात अमळनेरला आमच्या ओट्यावर बसून मी तो बदललाय. जुना उतरवला मी, नवा चढवला मी. त्यात हवा तेवढी माझ्याच्याने भरली गेली नाही. त्यासाठी चाक सायकलच्या कॅरिअरला बांधून फाट्यावर न्यावं लागलं.

माझा अंदाज चुकला तो वडिलांच्या जुन्या चेतक स्कूटरमुळे. चेतकची रिम दोन पाकळ्यांची असायची. हवा सोडा, नट काढा, पाकळ्या वेगळ्या करा, टायर आपोआप हातात. लहानपणी मी ते इतक्यांदा पाहिलंय की टायर बदलणं म्हणजे काय मोठं, असंच वाटायचं. पण त्या दोन पाकळ्यांच्या फटीतून हवा जाते, म्हणून आत ट्यूब लागायची. ट्यूबलेसची रिम अखंड असते. टायरची तारेची कड रिमच्या काठाला घट्ट चिकटून बसते आणि तीच हवा अडवते. ती सुटू नये म्हणून रिमला आतून बारीक उंचवटा दिलेला असतो. सगळी मारामारी त्या उंचवट्याशी.

कामाला लागण्याआधी नवा टायर नीट बघून घ्या. ऍक्टिव्हाला मागे 90/100-10 लागतो. त्यापुढे 53J असतं, म्हणजे 206 किलो वजन आणि ताशी 100 किलोमीटरपर्यंतचा वेग. टायरच्या अंगावर चार आकडी तारीख असते. 1424 असेल तर 2024 सालच्या चौदाव्या आठवड्यातला माल. ऑनलाइनवाले कधी कधी जुना पडलेला माल खपवतात, म्हणून बॉक्स फोडल्या फोडल्या हे बघा. सोबत नवा व्हॉल्व्हही घ्या. जुन्या व्हॉल्व्हचं रबर आपल्याकडच्या उन्हात तडकलेलं असतं, आणि टायर एकदा बसला की तो बदलायला पुन्हा सगळं उघडावं लागतं.

मागचं चाक काढायचं तर आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. गाडी थंड असतानाच हात लावा. इंजिनच्या तोंडाशी त्याचे जे नट असतात, ते बहुतेक गंजलेले सापडतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. जोर लावून स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो इंजिनातला दांडा, मोडला, तर दोन पैसे वाचवायला गेलात आणि इंजिनचं काम काढून बसलात. मग गाडी मेन स्टँडवर, घरातल्या कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगायचं, आणि चाकाचा मधला मोठा नट लांब दांड्याच्या पान्याने सोडायचा. चाक सरळ ओढलं की निघतं, ब्रेकचे लायनर गाडीलाच राहतात. त्यांना तेलाचा हात लागू देऊ नका आणि तिथली काळी धूळ तोंडाने फुंकू नका.

आता व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा आणि टायरची कड रिमपासून सोडवा. पायाने कितीही तुडवलं तरी ती हलत नाही. मी चाक जमिनीवर आडवं ठेवलं, कडेला जाड फळीचा तुकडा टेकवला आणि भावाच्या मोटरसायकलचा साइड स्टँड त्या फळीवर ठेवून गाडी तिकडे झुकवली. आख्ख्या गाडीचा भार एका जागी आला आणि 'फट्' करून कड खाली गेली. चाक थोडं फिरवून पुन्हा, असं गोल. मग उलट बाजूने तेच. तेवढ्यात शेजारचे आबा येऊन उभे राहिले. "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" मी म्हटलं, टायर. ते बाज ओढून बसलेच तिथे.

पुढे दोन टॉमी, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, आणि साबणाचं पाणी. आबांनी लगेच ऑइल लावायचा सल्ला दिला. तो ऐकायचा नाही, ऑइलने रबर खराब होतं आणि टायर रिमवर घसरतो. भांड्याचा साबण पाण्यात कालवून कडेला सढळ हाताने लावा.

आता ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते. रिमच्या बरोबर मध्ये एक खोलगट पट्टा असतो. टॉमी जिथे लावताय, त्याच्या समोरच्या बाजूची कड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात उतरवायची. म्हणजे टॉमीच्या बाजूला तेवढी ढील मिळते आणि कड अलगद बाहेर येते. पहिली वीस मिनिटं मी हे न करता नुसता टॉमीशी कुस्ती खेळत होतो. कडेतली तार ताणली जात नाही. जोर केलात तर रबर फाटतं, आणि फाटलेली कड हवा धरत नाही. जुन्या टायरवर चूक झाली तर एक वेळ चालेल, नव्यावर नाही.

नवा टायर चढवण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा. मे महिन्यात खानदेशात याला वेगळी भट्टी लागत नाही. माझा तर गॅलरीतल्या पत्र्यावर असा मऊ पडला की पहिली कड हातानेच बसली. टायरवरचा बाण चाक पुढे फिरतं त्या दिशेला आला पाहिजे. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ ठेवा.

इथवर तासाभराचं काम. मग मी पायपंप लावला. शंभर दट्टे मारले असतील. एकीकडून हवा जात होती आणि कडेच्या फटीतून तितकीच फुस्स करत बाहेर येत होती. आबा मान डोलवत होते. ट्यूबलेसला पहिल्या झटक्यात भरपूर हवा लागते, ती दोन्ही कडा एकदम बाहेर ढकलते. पायपंपात ती ताकद नाही.

फाट्यावरच्या पोऱ्याने व्हॉल्व्हची पिन काढली, टायरभोवती जुनी ट्यूब आवळून बांधली, म्हणजे कडा बाहेर फाकल्या, आणि कंप्रेसरची नळी लावली. ठक्. ठक्. दोन आवाज, दोन कडा उंचवटा ओलांडून जागेवर. तीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. या वेळी रिम आणि टायरच्या मध्ये बोटं ठेवायची नाहीत, आणि टायरवर जास्तीत जास्त जेवढी हवा लिहिलेली असते त्यापुढे जायचं नाही. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ फिरतात, ते बघून करमणूक करून घ्या, करू मात्र नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा निम्मी. साबणाचं पाणी टाकलं तर रिमच्या काठाला बारीक बुडबुडे. पत्र्याची रिम काठावर गंजली होती आणि मी ती घासलीच नव्हती. सगळं पुन्हा उतरवलं, पॉलिश पेपरने काठ चकचकीत केला, पुन्हा फाटा. पोऱ्या हसला, पैसे मात्र दोन्ही वेळचे घेतले.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा: चाक घरी काढा, रिमचा काठ घासा, आणि नुसतं चाक व टायर घेऊन कंप्रेसर असलेल्या दुसऱ्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जा. गाडी समोर नसली की सायलेन्सर उघडायचा त्याचा वैताग वाचतो, म्हणून बाहेरचा टायरही तो सहसा मुकाट्याने बसवतो. घरी कंप्रेसर असेल तर प्रश्नच नाही. आणि नुसता बाभळीचा काटा किंवा खिळा घुसला असेल तर टायर उतरवायची गरजच नसते, बाहेरून रबराची वात घालून भागतं. तो किट डिकीत ठेवा.

परत बसवताना सायलेन्सरच्या तोंडाची गॅस्केट नवी टाका, नाहीतर गाडी फटफट करत राहील. मागच्या टायरात हवा एकट्यासाठी 29 पीएसआय, डबलसीट असाल तर 36, आणि तीही सकाळी टायर थंड असताना मोजा. दुपारी रस्त्यावर तापलेल्या टायरचा आकडा दोन-चारने फुगलेला दिसतो आणि पंपावरचा माणूस तो बघून हवा कमी करून टाकतो. मधला मोठा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने आवळा, आणि पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर त्याच्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.