ब्रेक्झिटचा वाद आणि सोलापूरहून निघालेलं जोडपं : ब्रिटन की आयर्लंड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नी सहा वर्षं स्टाफ नर्स आहे, तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघता. तिला ब्रिटन आणि आयर्लंड, दोन्हीकडे संधी आहे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, ब्रिटन त्यातून बाहेर पडलं, आणि त्या बाहेर पडण्यालाच ब्रेक्झिट म्हणतात. एजंट म्हणतो, ‘ब्रेक्झिट झालं, युरोपियनांचा वशिला संपला, आता आपलाच नंबर.’ सासरे म्हणतात, ‘४७ वर्षांचं एकत्र घर मोडून जो देश बाहेर पडला, त्याच्या भरवशावर लेकीला पाठवायचं नाही.’ दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण दोघांनी मुख्य गोष्ट सोडलीय. युरोपीय संघ हक्क देतो ते आपल्या नागरिकांना. भारतीय पासपोर्टवर आलेल्या माणसाला हक्क मिळतात ते त्या त्या देशाच्या परवान्यातून.

आधी संघ म्हणजे काय ते सोलापूरच्या हिशोबानं बघू. जुलै २०१७ च्या आधी कर्नाटकात जाणारा ट्रक सीमेवरच्या चेकपोस्टवर कागद दाखवत उभा असायचा. जीएसटी आल्यावर ते नाके गेले. आता समजा, उद्या महाराष्ट्र जीएसटीतून बाहेर पडला आणि स्वतःचं कस्टम्स चालवू लागला, तर कलबुर्गीच्या दुकानदाराला पाठवलेल्या चादरीच्या गठ्ठ्यालाही आयात-निर्यातीचे कागद लागतील. ब्रिटनचं नेमकं हेच झालं.

संघाचे थर मात्र तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळून वाद घातला की गोंधळ होतो. पहिला कस्टम्स युनियन: बाहेरच्या मालावर सगळ्यांचा एकच दर, आत शुल्क नाही. दुसरा एकल बाजार: मालाचे नियम सारखे, माणसांना कुठेही जाऊन काम करायची मोकळीक. तिसरा राजकीय: संसद, न्यायालय, बहुमतानं होणारे आणि सगळ्यांवर बंधनकारक असणारे निर्णय. तुर्कस्तान कारखान्यातल्या मालापुरता पहिल्यात आहे. नॉर्वे दुसऱ्यात आहे, पहिल्यात नाही. तिसऱ्यात दोघंही नाहीत. २३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर मात्र प्रश्न एवढाच होता: राहायचं की निघायचं? ५१.९ टक्के लोक निघायचं म्हणाले. कुठल्या थरातून निघायचं हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून तेव्हाच्या पंतप्रधान तेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार २०१९ मध्ये संसदेनं तीनदा फेटाळला. देश बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० ला, आणि प्रत्यक्ष सीमा उभी राहिली १ जानेवारी २०२१ ला.

आता तुमचा टॉवेल घ्या. न्हावा शेव्याहून कंटेनर निघाला आणि ब्रिटनमधल्या फेलिक्स्टो बंदरात उतरला. २०२० पर्यंत तिथं एकदा शुल्क भरलं की तोच माल डब्लिनला किंवा रॉटरडॅमला बिनबोभाट जायचा, देशांतर्गत असल्यासारखा. आज ब्रिटनमध्ये शुल्क भरून सोडवलेला तोच कार्टन डब्लिनला पाठवला, तर आयर्लंडच्या कस्टम्सपुढे तो पुन्हा नव्यानं आयात माल ठरतो. इथं बरेच जण फसतात. ब्रिटन आणि संघातल्या करारात शुल्क शून्य आहे, मग आपल्याला का लागलं, असं विचारतात. ती शून्याची सवलत ब्रिटनमध्ये किंवा संघात ‘मूळ’ असलेल्या मालाला आहे. सोलापुरात विणलेला टॉवेल ब्रिटनमध्ये पॅकिंग बदलून, लेबल लावून ब्रिटिश होत नाही. टर्किश टॉवेलचा कोड ६३०२६०, आणि संघाचा मूळ दर १२ टक्के. म्हणजे ब्रिटनमध्ये भरलं असलं तरी संघात पुन्हा शुल्क. ते टाळायचं तर माल ब्रिटनमध्ये सोडवायचाच नाही: बॉन्डेड गोदामात (जिथं शुल्क न भरता माल ठेवता येतो) ठेवून ट्रान्झिटवर पुढे काढायचा, नाहीतर सरळ संघातल्या बंदरावर पाठवायचा. दोन ग्राहकांचा माल एका कंटेनरमध्ये भरायची जुनी सवय यामुळेच महाग पडते.

तुम्ही हे काम रोज करता म्हणून एवढं लिहिलं. या सीमेमुळे दोन्ही बाजूंना कस्टम्स डिक्लरेशन भरणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. कमोडिटी कोड, ओरिजिनचं विधान, ईओआरआय नंबर (कस्टम्सकडची व्यापाऱ्याची नोंदणी), इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधल्या वजनाचा मेळ ही तुमची भाषा आहे. बायोडेटात नुसतं ‘डॉक्युमेंटेशन’ लिहू नका. कोणत्या देशांचे, कोणत्या कोडचे, महिन्याला किती शिपमेंटचे कागद करता ते आकड्यात लिहा.

सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो. बाहेर पडण्याच्या बाजूचं म्हणणं वेडगळ नव्हतं. आपले कायदे आपण निवडून दिलेल्या आणि पाडता येणाऱ्या संसदेनंच करावेत, ही मागणी लोकशाहीतल्या कुठल्याही माणसाला समजते. स्वतंत्र व्यापार करार करता यावेत हाही खरा मुद्दा होता. जुलै २०२५ मध्ये भारताशी ब्रिटननं जो करार केला, त्यात कापडावरचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलं. बांगलादेश आणि पाकिस्तानचे टॉवेल बिनशुल्क विकले जात असताना आपले शुल्काचं ओझं घेऊन उभे असायचे, हे दुःख साखर पेठेतल्या व्यापाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण संघानंही जानेवारी २०२६ मध्ये भारताशी बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे बाहेर पडून मिळालेली आघाडी जेमतेम काही महिन्यांची.

दुसऱ्या पारड्यात शेजारच्या सगळ्यात मोठ्या बाजाराशी निर्माण झालेला कागदांचा डोंगर आहे. ब्रिटनच्याच अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज असा, की दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी. ब्रिटन संघाला देतो म्हणून प्रचाराच्या बसवर रंगवलेला ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ हा आकडा तर सरळ चुकीचा होता. १९८४ साली मार्गारेट थॅचर यांनी मिळवलेली वर्गणीतली सूट त्यातून वजाच केलेली नव्हती. माझं स्पष्ट मत: सार्वभौमत्वाचा मुद्दा प्रामाणिक होता, व्यापाराचा हिशोब तोट्याचा होता, आणि लोकांना दोन्ही एकाच पुडीत बांधून विकलं गेलं.

एजंटचं वाक्य याच पुडीतलं आहे. २०१६ च्या प्रचारात दक्षिण आशियाई मतदारांना सांगितलं गेलं की बाहेर पडलो तर करी हाउसेसना (तिथल्या भारतीय उपखंडी जेवणाच्या हॉटेलांना) उपखंडातून आचारी आणता येतील. भारतीय वंशाच्या नेत्या प्रीती पटेल यांनी त्यासाठी मोहीमच चालवली होती. पुढे काय झालं? जानेवारी २०२१ पासून युरोपियन आणि भारतीय एकाच गुणपद्धतीत (पगार, कौशल्य, इंग्रजी यांना गुण देऊन व्हिसा) आले, हे खरं. भारतीयांची संख्या वाढली, हेही खरं. पण देशात येणारे आणि जाणारे यांतला फरक वर्षाला ९ लाखांवर गेला आणि लोक खवळले. मग दारं एकेक करून बंद झाली. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणता येत नाही. मार्च २०२४ पासून केअर वर्करला (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्याला) जोडीदार आणता येत नाही. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगारांची पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. त्याच महिन्यात परदेशातून केअर वर्करची भरतीही थांबली. ज्या रागानं युरोपियनांचं दार लावलं, तो राग पुढच्या दाराशी येणारच होता.

नोंदणीकृत नर्सची गोष्ट यात वेगळी आहे, आणि ही तुमची जमेची बाजू. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर नर्सला जोडीदार आणता येतो, जोडीदाराला काम करता येतं, आणि माणशी वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार माफ असतो. दोघांचे तीन वर्षांचे ६,२१० पौंड वाचतात. फक्त ऑफर लेटरवरचं पद नीट वाचा. ‘सीनियर केअरर’ म्हणजे नर्स नव्हे. कंपनीचं नाव होम ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या गृहखात्याच्या, परवानाधारक स्पॉन्सरांच्या (परदेशी माणूस बोलावू शकणाऱ्या मालकांच्या) यादीत शोधा. आणि नोकरी लावून देण्यासाठी किंवा स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटसाठी कुणी लाखात पैसे मागत असेल, तर तिथंच थांबा. तिथल्या नियमांप्रमाणे उमेदवाराकडून असे पैसे घेता येत नाहीत.

ब्रिटनची नर्सिंगची वाट अशी: आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५, मग संगणकावरची नर्सिंगची परीक्षा सीबीटी, मग तिथं पोचल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. सीबीटी भारतात देता येते, ऑस्की ब्रिटनमध्येच. तिच्यात दहा स्टेशन, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे टप्पे, असतात आणि एका अर्जावर तीनच प्रयत्न. हुशार नर्सही तिथं अडकते. काम येत नाही म्हणून नव्हे, तर हात धुण्याचा क्रम, पेशंटची ओळख तोंडी पडताळणं, प्रत्येक पायरी मोठ्यानं बोलून दाखवणं, याची आपल्याकडे सवय नसते म्हणून. घरी मोठ्यानं बोलत सराव करायला आजपासून लागा.

आयर्लंडला वेळ जास्त लागतो. तिथल्या नर्सिंग बोर्डाचं निर्णयपत्र येईपर्यंत धीर धरावा लागतो, आणि मग अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट किंवा रुग्णालयातला अ‍ॅडॅप्टेशनचा, म्हणजे देखरेखीखाली काम करण्याचा, काळ. पण एकदा क्रिटिकल स्किल्स परमिट (टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना) हातात आलं, की जोडीदाराला वेगळं परमिट न काढता काम करता येतं. साधारण दोन वर्षांनी स्टँप ४ मिळतो, म्हणजे मालकाशी बांधलेली दोरी सुटते. पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची मुदत आजवर पाच वर्षं होती. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं ती सर्वसाधारणपणे दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा नियम बघूनच हिशोब करा.

आयरिश पासपोर्टला संघातल्या सगळ्या देशांत मोकळीक आहे. शिवाय दोन देशांतल्या जुन्या कॉमन ट्रॅव्हल एरियामुळे ब्रिटनमध्येही राहता-काम करता येतं. ब्रिटिश पासपोर्टवर आता शेंगेन देशांत (आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवस, तेही पाहुणा म्हणून. किंमत दोन्हीकडे सारखीच: भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) घ्यावं लागतं.

बेलफास्टची ऑफर आली तर एक सावधगिरी. ते शहर उत्तर आयर्लंडमध्ये, आणि तो भाग ब्रिटनच्या राज्यात आहे, म्हणून व्हिसा ब्रिटनचाच. डब्लिनच्या रस्त्यावर चौकी नाही, बस थेट जाते. पण भारतीय पासपोर्टवाल्याला पलीकडे आयर्लंडची परवानगी लागते. चौकी नाही म्हणून नियम नाही असं समजून गेलेला माणूस स्वतःच्या पुढच्या अर्जावर डाग लावून घेतो.

सासऱ्यांना एक गोष्ट जरूर सांगा. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. २०१६ च्या सार्वमतातही तिथल्या भारतीयांना मत होतं, आणि वीस वर्षं तिथं राहिलेल्या जर्मन माणसाला नव्हतं. आयर्लंडमध्ये नागरिक होईपर्यंत फक्त स्थानिक निवडणुकीत मत आहे. संघात परत जायचं का, हा वाद ब्रिटनमध्ये संपलेला नाही. तुम्ही तिथं गेलात तर तो तुमचाही प्रश्न असेल, म्हणून पत्ता मिळाला की मतदार नोंदणी करा.

तुमच्या जागी मी आयर्लंडचा अर्ज आज टाकला असता आणि सीबीटीची तयारीही चालू ठेवली असती. इंग्रजीची परीक्षा दोन्हीकडे लागते, ती आधी उरका. त्याच आठवड्यात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे पडताळणीचा अर्ज करा, कारण ते पत्र कौन्सिलकडून थेट परदेशातल्या बोर्डाकडे जावं लागतं, तुमच्या हातून चालत नाही. आणि त्याआधी पत्नीची सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडून नावं जुळवा. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं, मधलं नाव एकीकडे वडिलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं, अशी अवस्था आपल्याकडे घरोघरी असते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि गरज पडली तर राजपत्रातली नावबदलाची नोंद अर्जाच्या पहिल्याच पाकिटात घाला.