वाचकांचे प्रश्न : डिस्प्ले गेला, पण कार्ड गेलं का?

प्रश्न : माझ्याकडे एनव्हिडियाचं जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड असलेला जुना डेस्कटॉप आहे. विंडोज १० पुन्हा टाकल्यापासून लोगो दिसतो आणि मग स्क्रीन काळी होते. सेफ मोडमध्ये (विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर सुरू होतं त्यात) सगळं व्यवस्थित दिसतं. दुकानदार कार्ड बदला म्हणतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यात बदलू नका. बायोसची (मशीन चालू होताच येणारी, विंडोजच्या आधीची) स्क्रीन आणि लोगो दिसतो, म्हणजे केबल, मॉनिटर आणि स्लॉट ठीक आहेत. विंडोज ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चालू करतं त्या क्षणी डिस्प्ले जातो, तेव्हा पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यायचा.

जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. एक फर्मी पिढीची जीएफ१०८, तिच्यात ९६ कोअर. दुसरी केप्लर पिढीची जीके२०८, तिच्यात ३८४. खोक्यावरून हा फरक कळेलच असं नाही. फर्मीसाठीच्या ड्रायव्हरची मालिका २०१८ मध्ये ३९१.३५ वर थांबली. केप्लरला ४७० च्या मालिकेतले ड्रायव्हर चालतात. ४७० च्या मालिकेतला ड्रायव्हर फर्मीला चालत नाही. त्यातच विंडोज अपडेट आपल्या मनाने एखादा ड्रायव्हर चढवतं, जुन्याचे अवशेष राहतात आणि गोंधळ होतो.

आधी इंटरनेटची केबल काढा किंवा वायफाय बंद करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग केलेलं सगळं काम अपडेट पुसून टाकतं. सेफ मोडमध्ये जाता येत नसेल, तर विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं लागोपाठ तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट या क्रमाने जा आणि ४ दाबा.

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे छोटं मोफत सॉफ्टवेअर, चिपची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड आणि दोन्ही चिपचे ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. सेफ मोडमध्ये अनइन्स्टॉलरने एनव्हिडियाचं सगळं साफ करून मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलं तर चालत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही. आता मायक्रोसॉफ्टच्या बेसिक ड्रायव्हरवर डिस्प्ले येईल. अक्षरं मोठी आणि बेढब दिसतील, ते अपेक्षितच आहे. इथे जीपीयू-झेड उघडून चिपचं नाव वाचा, त्या चिपचा ड्रायव्हर टाका आणि कस्टम इन्स्टॉलमध्ये ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा. सगळं नीट चाललं की डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ‘नो’ निवडा आणि मगच नेट जोडा.

एवढं करूनही लोगोनंतर स्क्रीन काळीच राहिली, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं. बेसिक ड्रायव्हर चिपकडून फारसं काम करून घेत नाही, म्हणून मरायला टेकलेलं कार्डसुद्धा सेफ मोडमध्ये धडधाकट दिसतं. पक्कं करायला कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने बंद ठेवलेला पीसी आता डिस्प्ले देत नाही. पंखा फिरतो, एक लांब आणि दोन लहान बीप येतात.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये या बीपचा अर्थ व्हिडिओ कार्डाची अडचण. एएमआय कंपनीचा बायोस असता तर आठ लहान बीप आल्या असत्या. कोकणातल्या दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क तुटतो, हे नेहमीचंच दुखणं आहे.

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची क्लिप दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. पट्ट्यांवर पांढरा मऊ खोडरबर कडेच्या दिशेने फिरवा. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटमध्ये ब्लोअर मारा, पूर्ण वाळू द्या आणि क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत कार्ड बसवा. हात लागलाच आहे तर रॅमच्या पट्ट्याही अशाच पुसून घ्या. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलचं व्होल्टेजही मोजा. तो उतरला की तारीख मागे जाते आणि बायोसमधली पहिल्या डिस्प्लेची निवडही बदलू शकते.

डिस्प्ले आला, पण आडव्याउभ्या रेघा किंवा रंगीत ठिपके दिसले, तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मॉनिटरवर किंवा मोबाइलवर बघा. रेघा चित्रातही असतील तर बिघाड बहुधा कार्डाच्या मेमरीत किंवा चिपमध्ये. चित्र स्वच्छ असेल तर आधी केबल बदला. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्याने आलेला डिस्प्ले फार टिकत नाही आणि खाण्याच्या ओव्हनमध्ये विषारी वाफा जातात, ते वेगळंच. या दर्जाच्या कार्डाला रीबॉलिंगचा (चिप काढून नव्या टाक्यांनी बसवण्याचा) खर्चही परवडत नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावा, रोजच्या कामाला पुरतं.

प्रश्न : रेडिऑन एचडी ५४५० टीव्हीला एचडीएमआयने जोडलं. चित्राभोवती चारही बाजूंनी काळी चौकट येते.
— एक वाचक, बडोदा

उत्तर : बिघाड नाही. टीव्ही कडा कापेल हे गृहीत धरून एएमडीचा ड्रायव्हर चित्र आधीच आक्रसतो. कॅटॅलिस्ट कंट्रोल सेंटरमध्ये डिजिटल फ्लॅट पॅनेलच्या स्केलिंग ऑप्शन्समधली पट्टी ० टक्क्यांवर न्या. मग कडा कापल्या गेल्या तर टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा, कंपनीगणिक नाव बदलतं. काळा रंग राखाडी दिसत असेल तर पिक्सेल फॉरमॅट ‘फुल आरजीबी’ करून बघा.

प्रश्न : कार्डाच्या डीव्हीआय पोर्टला व्हीजीए कन्व्हर्टर बसत नाही. पिन वाकवून बसवू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. पोर्टमधल्या आडव्या फटीच्या वर-खाली चार भोकं नसतील तर तो डीव्हीआय-डी आहे, त्यातून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल निघतच नाही. साधा पिनांचा कन्व्हर्टर फक्त डीव्हीआय-आय पोर्टला चालतो. तुम्हाला आत चिप असलेला, सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टर लागेल. कार्डावर एचडीएमआय असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए घ्या, तो सहज मिळतो.