बेडरूममधल्या ड्रेसिंग टेबलचा आरसा कसा सजवावा? (भाड्याचं घर, बजेट ५,००० रुपये)

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की आरसा साधा, बिनचौकटीचा आहे, मागे एलईडीची पट्टी लावायची आहे, भोवती कापडी फुलांची वेल सोडायची आहे, आणि आरसा सिलिकॉनने भिंतीलाच चिकटवला तर चालेल का. वेलीचं आणि पट्टीचं नंतर बघू. चिकटवायचं मात्र आताच्या आता डोक्यातून काढून टाका. का, ते सांगते. थोडं लांबेल.

माझं लग्न १९९३ सालचं. माहेर गिरगाव. वडिलांनी लग्नात ड्रेसिंग टेबल दिलं, ओळखीच्या सुताराकडून मुद्दाम करून घेतलेलं. सागवानी, तीन पानांचा आरसा. मधलं पान मोठं, बाजूची दोन बिजागरीवर फिरणारी. ज्यांनी कधी स्वतःच्या हाताने अंबाडा घालून त्यावर गजरा माळलाय त्यांना त्या बाजूच्या पानांची किंमत कळेल. पान जरा आत वळवलं की मागची मान दिसते, पिन कुठे सुटलीय ते दिसतं, कुणाला हाक मारावी लागत नाही. आमच्या चाळीतल्या खोलीत माणसांनाच जागा नव्हती, तरी सासूबाईंनी त्या टेबलासाठी कोपरा मोकळा करून दिला. त्या रात्री आरशावर क्रोशाचा रुमाल टाकायच्या. लोक म्हणतात वास्तू. कसलं वास्तू! समोरच्या रस्त्यावरून गाडी वळली की तिचा दिवा आरशात पडून सरळ त्यांच्या डोळ्यांवर यायचा.

प्रभादेवीच्या त्या चाळीत ते टेबल चोवीस वर्षं उभं होतं. समुद्र हाकेच्या अंतरावर. खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागायचे, फ्रिजचे पाय गंजून गेले, पण आरशाला डाग म्हणून नाही. उजव्या कोपऱ्यात माझ्या टिकल्यांची रांग असायची, तेवढीच काय ती सजावट.

मग चाळ पडली, टॉवर झाला आणि २०१७ साली आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. इथे वन्संच्या यजमानांचा प्रवेश होतो. त्यांना सगळ्यातलं कळतं. टाइल्स, शेअर, मधुमेह, काहीही विचारा. त्यांच्या ओळखीतला एक इंटेरिअरवाला आला, माझ्या टेबलाकडे बघून म्हणाला, “हे आउटडेटेड आहे.” मी म्हटलं, राहू दे आउटडेटेड, मीही आहे. यजमान म्हणाले, “वहिनी, एकदा त्याला करू द्या, मग बघा.”

मी ऑफिसात असताना त्याने काम केलं. संध्याकाळी येते तर चौकट नाही, बाजूची दोन पानं नाहीत. ती भंगारवाल्याला दीडशे रुपयांत गेली होती, आणि ते दीडशे रुपये प्रामाणिकपणे टेबलावर ठेवले होते. मधलं पान काढून, पांढऱ्या लॅमिनेटच्या प्लायवर चिकटवून भिंतीवर ठोकलं होतं, मागून एलईडीची पट्टी. बटण दाबलं की आरशाभोवती देवांच्या मागे असतं तसं तेजोवलय. आमचे हे इतकंच म्हणाले, “भिंत छान उजळलीय गं. तुझं तोंड तेवढं दिसत नाही.”

घरात दोन दिवस आंबूस वास होता, सिरक्यासारखा, म्हणजे व्हिनेगरसारखा. मी खिडकीतून वाकून बघितलं, खाली चायनीजची गाडी लागली की काय. हा वास लक्षात ठेवा.

पुढचा पावसाळा संपला. नवरात्रात करड्या रंगाचा दिवस होता. साडी नेसताना आरशात छातीच्या उंचीवर करडा पट्टा दिसला, मला वाटलं पदरच आहे. पदर खांद्यावर घेतला तरी पट्टा तिथेच. दिवाळीपर्यंत तो तपकिरी झाला आणि त्याला दोन भावंडं झाली. खालची कडही काळी पडायला लागली. भाऊबीजेला सगळे जमलेले, यजमानांनी चष्मा वर करून आरसा न्याहाळला आणि भर पंगतीत निकाल दिला, “वहिनी, तुम्ही ओल्या फडक्याने पुसता. आरशाला पाणी चालत नाही.” वन्संनी मान डोलावली. माझ्या नवऱ्याने करंजी उचलली.

चोवीस वर्षं तेच फडकं, तोच हात. तेव्हा आरसा खराब झाला नाही, आणि आता वर्षभरात माझ्या पुसण्याने झाला? पण मला उत्तर सुचलं नाही. पुढे कुणाच्याही घरी काही खराब झालं की “वहिनींनी पुसलं असेल” ही कौटुंबिक म्हण झाली.

उत्तर मिळालं ते तीन वर्षांनी. खिडकीची काच बदलायला आमच्या गल्लीतले काचवाले चाचा आले होते. पाणी द्यायला गेले तर ते आरशासमोर उभे, डागांवरून बोट फिरवत. वर, खाली, पुन्हा वर. म्हणाले, “ये देखो बाई, साप जैसा जाता है ना? ये सिलिकॉन की लकीर है. लगाया तब सिरके की बास आयी थी?”

मी पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले.

नंतर भांडणाच्या तयारीसाठी मी या विषयावर इतकं वाचलं की परीक्षा द्यावी. आरशात आपल्याला दाखवते ती काच नव्हे, काचेच्या पाठीवरचा चांदीचा थर. त्याच्यावर आणखी एखादा संरक्षक थर, अनेक आरशांत तांब्याचा, आणि सगळ्यात शेवटी रंग. काचेवर अशी चांदी बसवायची रीत लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ साली काढली, त्याआधी कथील आणि पारा लावायचे. हा थर केसाहूनही कितीतरी पातळ. आणि दुकानात मिळणारं नेहमीचं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. मोकळ्या जागी ते उडून जातं. आरसा आणि प्लायच्या मध्ये कोंडलं की जाणार कुठे? रंगातून शिरून चांदी खातं. वर मुंबईचा पावसाळा आणि खारा वारा. म्हणून तर डाग नागमोडी होते, त्या इंटेरिअरवाल्याने नळी जशी फिरवली तसे. फडक्याने नागमोडी डाग पडतात का, सांगा तुम्हीच.

वडिलांच्या सुताराने आरसा चिकटवलाच नव्हता. चौकटीच्या खाचेत बसवलेला, पाठीमागे फळी, मध्ये बोटभर पोकळी. हवा खेळती. झालं.

तर तुमच्यासाठी: भाड्याच्या घरात तसंही भिंतीला चिकटवू नका, डिपॉझिट जाईल. चिकटवल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं, म्हणजे सुकताना हे आम्ल न सोडणारं, सिलिकॉन मागा, आणि आरशासाठी चालतं ना ते विचारून घ्या. शंका आली तर थेंबभर काढून हुंगा. पश्चिमेच्या किंवा बाथरूमलगतच्या भिंतीला आरसा टेकवू नका, ओल येते. अर्धा इंच अंतर ठेवा.

आता सजावट. माझ्या मते आरशाला सजवायचं नसतंच, सजायचं आपण असतं. पण तुम्ही विचारलंय म्हणून. ५,००० पैकी निम्म्याहून जास्त चौकटीवर घाला. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारात किंवा चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या सागवानी चौकटी मिळतात, कधी खिडकीच्या, कधी देवघराच्या. घासाघीस करा, पहिली किंमत ऐकून हसायचं असतं. आतला जुना आरसा ‘बेल्जियमचा आहे’ म्हणून जास्त पैसे मागतील. या शहरात विकला जाणारा प्रत्येक जुना आरसा बेल्जियमचाच असतो, तेव्हा त्यावर जाऊ नका. नुसती चौकट घ्या आणि तुमचा आहे तोच आरसा तीत बसवून घ्या. नवा घ्यायचा झाला तर पाच मिलिमीटर जाडीचा घ्या, आणि दुकानातच समोर उभं राहून डोकं डावी-उजवीकडे हलवा. मागच्या दाराची उभी कड आरशात लाटेसारखी हलली तर काच सपाट नाही.

चौकट परवडली नाही तर विरलेल्या पैठणीचे काठ तरी घरात असतील. पातळ प्लायच्या पट्ट्यांवर ताणून मागून स्टेपल करा आणि आरशाभोवती बसवा. काठ नसतील तर भुलेश्वरला लेस आणि बॉर्डर मीटरवर मिळतात, तिथे एक दुपार काढा. वारली नको. वारली आता चहाच्या कपावरही असते. कापडी फुलांची वेल घरातली सगळी धूळ गोळा करेल आणि ती धुवायला तुमच्याशिवाय कुणी नसेल. क्रोशाचा रुमाल मात्र जरूर करून घ्या, त्याला तोड नाही.

दिवा मागे नको आणि डोक्यावरही नको. वरून उजेड आला की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पडतात, माणूस आठवडाभर झोपला नाही असं वाटतं. दोन दिवे, आरशाच्या दोन बाजूंना, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवर. लोहार चाळीत जाऊन ४,००० केल्व्हिनचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर, असे मागा आणि सीआरआय ९० च्या वरचा द्या म्हणा. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. पिवळसर दिवा लावून मेकअप केला तर काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या तेजोवलयाच्या उजेडात मी पावडर लावून निघाले, लोकलच्या डब्यातल्या पांढऱ्या ट्यूबखाली मैत्रीण म्हणाली, “गिरणीतून थेट आलीस का गं?” दिवसा खिडकी तुमच्या समोर किंवा बाजूला असू द्या. पाठीमागे खिडकी आली की चेहरा काळा दिसतो.

आणि एक. ड्रेसिंग टेबलच्या आरशात पूर्ण साडी दिसेल ही आशा सोडा. पायापासून डोक्यापर्यंत दिसायला आरसा आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो. मी पाच फूट दोन इंच, मला ३१ इंच बास, फक्त तो योग्य उंचीवर हवा. मागे सरकल्याने जास्त दिसत नाही, हे मी त्या इंटेरिअरवाल्यालाही सांगितलं होतं; तो म्हणाला, “मॅडम, दोन पावलं मागे जा ना.” मागे पलंग आहे, बाबा. शिवाय आरशापुढे टेबलाची फळी येते, ती निऱ्या झाकते. निऱ्यांसाठी कपाटाच्या दारावर वेगळा आरसा लावा.

पुसताना पाणी किंवा लिक्विड फडक्यावर घ्या, आरशावर थेट मारू नका. ओघळ खाली जाऊन कडेत मुरतो आणि कड काळी पडते. अमोनिया असलेलं लिक्विड तर नकोच. टिकल्यांचा डिंक खोबरेल तेलाच्या बोटाने निघतो, ब्लेड लावू नका.

हे लिहिताना एक कबूल करायला हवं. नव्या घरात गेल्यावर मुलाने निळ्या लिक्विडची फवाऱ्याची बाटली आणून दिली होती आणि वर्षभर मी ती आरशावर थेट मारत होते. चाचांनी तेही ओळखलं. म्हणजे खालची दोन बोटं काळी कड माझी. मधल्या तीन नागमोडी रेघा यजमानांच्या. मी मोजपट्टीने मोजलंय, माझा हिस्सा फार तर एक दशांश भरतो. हे मी अजून भाऊबीजेला बोललेले नाही, कारण आधी कुठला भाग सांगायचा ते ठरत नाही.

तो आरसा प्लायसकट काढून कपाटामागे उभा ठेवलाय. आमचे हे दर दिवाळीच्या साफसफाईला विचारतात, हा भंगारात देऊ का. मी नाही म्हणते.

तुमच्या टेबलाची लांबी-रुंदी कळवा, पट्ट्या किती इंचांच्या कापायच्या ते सांगते.