निवृत्त आई-बाबांचं घर महिन्याला १५ हजारांत कसं बसवायचं?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दोघंच गावी असतात, घर स्वतःचं आहे, बाबांची पेन्शन आणि ठेवींचं व्याज मिळून १५ हजारांच्या आसपास येतात. उधळपट्टी कसलीच नाही, तरी वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते. तुम्ही मुलगा म्हणून विचारताय की नेमका कोणता खर्च कापावा?

कापण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नसणारच. ज्या पिढीने दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या, तिला काटकसर शिकवायला जाऊ नका, उगाच बोलणी खाल. घोळ बहुतेक दुसरीकडे असतो. पैसे येतात महिन्याच्या हिशेबाने आणि जातात वर्षाच्या हिशेबाने. घरपट्टी, दिवाळी, भाच्याच्या लग्नाचा आहेर, दाताची कवळी, पावसाआधी कौलं चाळणं, यातलं काहीच दर महिन्याला येत नाही. पण दर महिन्याला यातलं काही ना काही येतंच. मग त्या महिन्याचा किराणा उधारीवर जातो आणि पुढचा महिना उधारी फेडण्यात.

आम्ही दोघं मिरजेत राहतो. यांची नोकरी सूतगिरणीत झाली, त्यामुळे पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, २,६०० रुपये. ही पेन्शन आयुष्यभर जवळपास तेवढीच राहते. सरकारी पेन्शनीला महागाई भत्ता मिळतो, हिला नाही. फंडाच्या पैशांतले १२ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावावर ठेवले, ७.४ टक्क्यांनी त्याचे महिन्याला ७,४०० येतात. उरलेले ६ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, ८.२ टक्क्यांनी. त्याचं व्याज महिन्याला येत नाही, तिमाहीला येतं: १२,३०० रुपये. सगळं मिळून महिन्याला १४,१०० पडतात, म्हणजे तुमच्या आई-बाबांपेक्षा थोडे कमीच.

पण आम्ही ते १४,१०० धरतच नाही. घर चालतं १०,००० वर. तिमाहीचं व्याज महिन्याच्या खर्चात येऊच द्यायचं नाही, ते वर्षाच्या खर्चांचं.

म्हणून पहिलं काम हे करा. पुढच्या वेळी गावी गेलात की बाबांचं पासबुक आणि आईची वही घेऊन बसा आणि मागच्या वर्षात जे जे ‘मध्येच’ आलं ते लिहून काढा. आमची यादी साधारण अशी आहे: धान्य आणि चटणी ९ हजार, घरपट्टी-पाणीपट्टी साडेपाच, गणपती आणि दिवाळी मिळून ९, आहेर-ओटी-वर्गणी ८, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग साडेतीन, चष्मा-दात-तपासण्या ६, घराची डागडुजी आणि मोडतोड ६. बेरीज ४७ हजार. बाराने भागलं तर महिन्याला चार हजाराला थोडे कमी. तिमाहीच्या व्याजाचे वर्षाला ४९,२०० होतात, त्यात हे बसतं. तुमच्या घरचीही यादी साधारण एवढीच निघाली तर तुमचं घर १५ हजारांचं नाही, ११ हजारांचं आहे, आणि हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचं सगळंच व्याज महिन्याला येत असेल तर एखादी ठेव मुदत संपताना तिमाहीवर वळवून घ्या. ज्येष्ठ नागरिक योजनेला साधारणपणे साठ वर्षं पूर्ण लागतात. तोपर्यंत दुसरं एखादं बचत खातं उघडून एक तारखेलाच चार हजार तिकडे सरकवायचे, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घ्यायचंच नाही.

आता त्या पैशांचं वेळापत्रक. तिमाहीचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं. आपल्याकडच्या संसाराच्या चालीला हे इतकं चपखल बसतं की योजना आखणाऱ्याची बायको सांगलीकडची असावी अशी मला शंका आहे.

एप्रिलचे पैसे धान्याचे. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, तोपर्यंत बाजारात उतरलेला असतो, नवा गहूही आलेला असतो. आम्ही एक क्विंटल शाळू आणि चाळीस किलो गहू भरतो, दोघांना वर्ष निघतं. भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हं द्यायची, गार झाल्यावरच डब्यात भरायचं (गरम धान्य झाकलं की घाम धरतं आणि मग किडे होतात), गव्हाला एरंडेलाचा हात, डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला. मिरची त्याच सुमारास घ्यायची, थोडी ब्याडगी रंगाला, थोडी संकेश्वरी तिखटाला, आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कांडून आणायची. आयत्या मसाल्याच्या पुड्या वर्षभर घेतल्या की किती जातात याचा हिशेब एकदा करून बघा. वर चटणी घरात असली की भाजी नसलेल्या दिवशीही अडत नाही.

डाळी मात्र मी वर्षाच्या भरत नाही. पूर्वी भरायचे लोक, पण दोघांना तूरडाळ लागते ती किती! तीन-चार महिन्यांची घ्यावी. आणि धान्य भरायला कर्ज किंवा हातउसने कधीच नकोत. पहिल्या वर्षी पैसे नसतील तर फक्त शाळू भरा. एकदा भरलं की पुढच्या वर्षभर दर महिन्याचे चार-पाचशे सुटतात, त्यातून पुढच्या वर्षीचं भरलं जातं.

जुलैमध्ये स्कूटरचा विमा, पावसाळ्याची मोडतोड आणि गणपतीची बाजूला काढलेली रक्कम. ऑक्टोबर दिवाळीचा. जानेवारीचे पैसे दवाखान्याचे आणि लग्नसराईचे. घरपट्टी जमेल तितकी लवकर भरावी, बऱ्याच पालिका सुरुवातीच्या महिन्यांत भरणाऱ्याला सूट देतात.

आहेराचं जरा जास्त सांगते, कारण म्हाताऱ्यांची घरं तिथेच गळतात. उत्पन्न थांबलं तरी नात्यातला मान थांबत नाही ना! आम्ही ठरवून टाकलं: सख्ख्यांना एक रक्कम, बाकी सगळ्यांना दुसरी, कुणाचंही लग्न असो. वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. यांना सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं, मग एका लग्नात आमच्यासारखेच चार निवृत्त लोक पाकिटात शंभराची नोट चाचपत उभे दिसले तेव्हा बरं वाटलं.

महिन्याचे १०,००० कुठे जातात तेही सांगते म्हणजे ताडून बघता येईल. दूध १,०००, भाजी-फळं १,६००, किराणा २,६००, औषधं ९००, वीज ६००, गॅस महिन्याला सरासरी ६००, दोन मोबाइल ४००, पेपर २००, पेट्रोल आणि प्रवास ५००. झाले ८,४००. सहाशे वरखर्चाला. उरलेले एक हजार पोस्टाच्या आवर्ती ठेवीत.

हा हजार बघून बाबा म्हणतील, पुरत नाही तिथे साठवायचं कुठून? पण खरी मेख इथेच आहे. आमचे ७,४०० आज जेवढे आहेत तेवढेच पाच वर्षांनी असणार, आणि भाजी तर आजच्या भावाने तेव्हा मिळणार नाही. महिन्याला हजार भरले की ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे ७१ हजार होतात. मासिक प्राप्तीची मुदत संपेल तेव्हा ते मुद्दलात घालायचे, म्हणजे महिन्याचं व्याज थोडं तरी चढतं. महागाईला हे पुरं पडत नाही. पण सगळं व्याज खाऊन टाकणाऱ्याचं घर दर वर्षी थोडं गरीब होत जातं, ते तरी टळतं. हजार जमत नसतील तर पाचशे भरा.

मुद्दलाचा विषय निघालाच आहे तर एक ठणकावून सांगते. आमच्या भागात जो तो सांगतो, ‘अमक्या पतसंस्थेत टाका, दोन टक्के जास्त देतात.’ बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. सहा लाखांवर दोन टक्के म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्या हजारासाठी सहा लाख टांगणीला लावायचं वय नाही हे. व्याजावर जगणाऱ्या माणसाला झोप महत्त्वाची.

विजेत बघण्यासारखी गोष्ट एकच, शंभर युनिटांची वेस. महावितरणच्या घरगुती दरात शंभराच्या पुढच्या युनिटांचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीच्या आसपास आहे. दोघांचं घर शंभराच्या आत राहू शकतं. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, नवे कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे तीसच्या आतबाहेर. बारा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. दिवे घालवत घरभर फिरणाऱ्या बाबांना हे सांगा. एलईडीच्या दिव्यामागे धावून हाती काही लागत नाही, गीझर पाहा.

भाजीचं मात्र लोक उलटं सांगतात, की बाजार उठायच्या वेळी जावं, स्वस्त मिळते. मिळते, पण ढीग घ्यावा लागतो आणि दोघांच्या घरात निम्मा ढीग सुकतो. त्यापेक्षा आठवड्यातले दोन-तीन दिवस भाजी आणायचीच नाही. मटकी, हुलगे, पावटा, चवळी, पिठलं. हुलग्याचं माडगं थंडीत करावं. प्रथिनंही पोटात जातात, जी या वयात भाकरी-भाजीवर कमी पडतात. दूध आणि फळ यात हात आखडू देऊ नका. म्हातारी माणसं सगळ्यात आधी स्वतःचं खाणं कमी करतात आणि त्याला ‘भूकच लागत नाही’ म्हणतात.

औषधांचंही तसंच. गोळी एक दिवसाआड घेऊन पट्टी पुरवणारे मी पाहिलेत. रक्तदाब-साखरेच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा, म्हणजे टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन असं, कंपनीचं नाव नको. बाबा सत्तर पूर्ण असतील तर त्यांचं आयुष्मान कार्ड आधारवर काढून घ्या, त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात होतात. ते दाखल झाल्यावरच्या उपचारांचं आहे, रोजच्या गोळ्यांचं नाही. रेशनकार्डावरची नावंही एकदा तपासा. तुमचं नाव अजून तिथेच असेल आणि आईचं आधार जोडलेलं नसेल, असं फार घरांत असतं. एसटीला ७५ च्या पुढे तिकीटच नाही, ६५ ते ७५ अर्धं, आणि बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं.

राहता राहिला तुमचा वाटा. ‘पैसे पाठवू का?’ असं फोनवर विचारू नका, ‘नको रे, आहेत’ हेच उत्तर येणार आणि ते खोटं असणार. अधूनमधून पाच हजार पाठवणंही कामाचं नाही, ते आहेरात जातात नाहीतर तुम्ही आल्यावर तुमच्याच जेवणावळीत. त्यापेक्षा एखादं बिल कायमचं स्वतःकडे घ्या. गॅसचं बुकिंग तुमच्या मोबाइलवरून करा, पैसे तिथूनच भरा. किंवा विजेचं बिल. महिन्याला सहाशेच वाचतील, पण ते दर महिन्याला वाचतील आणि त्यासाठी बाबांना तोंड उघडावं लागणार नाही. फक्त वहीत ‘गॅस – मुलगा’ असं लिहायला जाऊ नका. आई ते खोडून ‘गॅस – आपला’ करेल, आणि पुढच्या महिन्यात सिलिंडर यायच्या दिवशी बाबा रोख पैसे हातात घेऊन दारात उभे राहतील.