फ्रांक श्मिट नक्की कितव्या लीगपासून वर आला?

तुमचा प्रश्न असा, की प्रशिक्षक श्मिटने हायडेनहाइम या जर्मन फुटबॉल क्लबला पाचव्या लीगमधून बुंडेसलीगात, म्हणजे पहिल्या लीगमध्ये नेलं म्हणतात, मग चार पायऱ्या चढायला हव्यात. मोजल्या तर तीनच भरतात. बरोबर मोजल्यात. घोळ असा की मध्येच शिडी बदलली.

श्मिट हायडेनहाइमचाच, बचावफळीतला खेळाडू. 2007च्या उन्हाळ्यात त्याने तिथेच खेळणं थांबवलं आणि सप्टेंबरात, हंगाम चालू असताना, दोन सामन्यांपुरता हंगामी प्रशिक्षक झाला. क्लब तेव्हा ओबरलीगा बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये होता. त्यावेळी क्रम होता बुंडेसलीगा, दुसरी बुंडेसलीगा, रेगिओनाललीगा आणि मग ओबरलीगा. म्हणजे चौथी पातळी. 2008 मध्ये 'तिसरी लीगा' नव्याने घातली आणि तिच्याखालचं सगळं एकेक पायरी घसरलं. हायडेनहाइम पहिल्या चारांत येऊन रेगिओनाललीगात गेलं खरं, पण तीच आता चौथी झालेली! आजच्या शिडीवर ओबरलीगा पाचवी, म्हणून 'पाचवी' हा शब्द चिकटला. पातळी खरोखर बदलली ती 2009, 2014 आणि 2023 मध्ये.

यातली 2009ची बढती झटपट झाली. पुढे मात्र तिसऱ्या लीगात पाच हंगाम गेले: सहावा, नववा, चौथा, पाचवा आणि मग पहिला क्रमांक. तिथून पहिले दोन थेट वर जातात, तिसऱ्याला दुसऱ्या बुंडेसलीगातल्या सोळाव्याशी दोन सामने खेळावे लागतात. बढतीच्या दृष्टीने चौथ्याच्या हाती काहीच नाही. बहुतेक क्लब अशा चौथ्या-पाचव्या क्रमांकानंतर प्रशिक्षक बदलतात. इथे बदलला नाही, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

दुसऱ्या बुंडेसलीगात नऊ हंगाम. 2020 मध्ये तिसरा क्रमांक, म्हणून बुंडेसलीगातल्या सोळाव्या वेर्डर ब्रेमेनशी दोन सामने: तिकडे 0-0 आणि घरी 2-2. तेव्हा बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकायचा, त्या नियमाने बाहेर. 28 मे 2023ला रेगेन्सबुर्गमध्ये ते 0-2 मागे होते. तिकडे बढतीच्या शर्यतीतल्या हाम्बुर्गने आपला सामना जिंकला, आणि बढती मिळाली समजून त्यांचे चाहते मैदानात उतरून नाचतही होते. एक गोल आधीच फेडला होता; 90 मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत आधी बेस्टेची पेनल्टी, मग 99व्या मिनिटाला क्लाइनडीन्स्टचा गोल, 3-2. नुसतीच बढती नाही, विजेतेपदही.

फोल्कर फिंके फ्रायबुर्ग क्लबचा सलग 16 वर्षं प्रशिक्षक होता; जर्मन व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकाच क्लबात सलग राहण्याचा हा विक्रम होता. त्याला श्मिटने 2023च्या सप्टेंबरात मागे टाकलं. त्यात ओबरलीगातले महिनेही धरलेले आहेत, तेव्हा विक्रम उद्धृत करताना 'बुंडेसलीगात' असं लिहू नका.