कुणाचे पैसे आधी द्यावेत? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : औसा तालुक्यात आमची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन आणि तूर घेतो. मालक दुकानात कामाला, महिना 9 हजार. माझे शिलाईचे 3 हजार. सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 10 हजार आहे. बँकेत सोनं ठेवून 10 टक्क्यांनी 60 हजार काढलेत. मायक्रोफायनान्सचे आठवड्याला 850 असे 42 हप्ते उरलेत. शिवाय गावातल्या एकाचे 50 हजार शेकडा तीननं आहेत, त्याला तीन वर्षं झाली. दिवाळीत सोयाबीनचे 90 हजार येतील. कुणाचे आधी द्यावेत, आणि बचत कशी करावी?

उत्तर : ताई, शेकडा तीन म्हणजे महिन्याला 1,500 आणि वर्षाला 18 हजार. तीन वर्षांत 54 हजार देऊन झाले, मुद्दल मात्र आहे तिथंच आहे. म्हणून सोयाबीनच्या पैशातले पहिले 50 हजार इथं द्या, तेही एकरकमी. थोडे थोडे दिले तर व्याज जुन्याच रकमेवर लावलं जातं. तसंच द्यायची वेळ आली तर ‘मुद्दलापैकी जमा’ असं लिहून सही घ्या. कोरे चेक आणि बाँड त्याच बैठकीत परत मागा. कागद मिळाल्याशिवाय पैसे हातातून सोडू नका.

परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. परवानाच नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. तारण म्हणून शेताचं खरेदीखत करून दिलं असेल तर हे लगेच करा.

दिवाळीपर्यंत थांबायचीही गरज नाही. सोन्याचे भाव वाढले आहेत, त्यामुळे बँकेत ठेवलेल्या त्याच दागिन्यांवर आणखी रक्कम मिळते का ते विचारा. 50 हजार मिळाले तर त्यांचं व्याज महिन्याला साधारण 417 रुपये पडेल, आज 1,500 जातात. मग दिवाळीचे पैसे सोन्यावर भरा. मात्र मुदत चुकवू नका, दागिने लिलावात जातात.

पीककर्ज घाईनं फेडू नका, पण एक दिवसही थकवू नका. 3 लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. थकलं की दोन्ही गेलं. तुरीचे पैसे यासाठीच ठेवा. आपल्याकडे घात होतो तो नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं घेताना. भरण्यापुरते पंधरा दिवसांसाठी टक्क्यानं पैसे काढतात, नवीन कर्ज जमा व्हायला दीड महिना लागतो, आणि सावकार दोन महिन्यांचं व्याज लावतो. म्हणून सातबारा, आठ-अ आधी गोळा करा, नवीन रक्कम कधी पडेल हे सोसायटीच्या गटसचिवांना विचारा आणि मगच भरा.

फायनान्सचे हप्ते चालू द्या. ते फेडायला दुसऱ्या फायनान्सचं कर्ज घेऊ नका, आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतली निम्मी घरं तिथंच अडकलेली असतात. लवकर फेडलं तर दंड लागत नाही. सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीला येण्याची त्यांना मुभा नाही.

उरलेल्या 40 हजारांतले 10 हजार दवाखान्यासाठी बँकेत वेगळे ठेवा, बाकीचे हंगामाला. बियाणं विकत घेऊ नका. एकरी 30 किलोप्रमाणे 135 किलो सोयाबीन विकायच्या आधीच बाजूला काढा. पोती आपटू नका आणि पाचाहून जास्त थर लावू नका, सोयाबीनची साल पातळ असते. मृगाआधी ओल्या गोणपाटात 100 दाणे ठेवून पाहा. 70 उगवले तर नेहमीइतकं पेरा, कमी उगवले तर प्रमाण वाढवा.

सावकाराचे 1,500 सुटले की त्यातले 1,000 पोस्टाच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत) टाका. 6.7 टक्क्यांनी पाच वर्षांत साधारण 71 हजार होतात, आणि 12 हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं. सावकार फिटण्याआधी आरडी उघडू नका, 6.7 मिळवून 36 भरण्यात तोटाच आहे.

प्रश्न : ऊसतोडीला जाण्यासाठी मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दोन लाख उचल (आगाऊ रक्कम) घेणार आहोत. एका हंगामात फिटेल का? (धारूर)

उत्तर : नाही फिटणार. टनाला 366 रुपये आणि दोघांची रोजची अडीच टन तोड धरली, तर 120 दिवसांत 300 टन होतात. म्हणजे 1 लाख 9 हजार 800 रुपये. त्यातून दर आठवड्याची खर्चीही (घरखर्चाला दिलेले पैसे) वजा होते, उरलेली उचल पुढच्या वर्षावर चढते. जेवढी त्या हंगामात फिटेल तेवढीच घ्या. प्रत्येक खेपेचं वजन आणि खर्ची त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा, दर पंधरा दिवसांनी मुकादमाच्या वहीशी जुळवून सही घ्या. हिशेबाचे वाद हंगाम संपताना होतात, आणि तोवर वजनाच्या पावत्या कुणाकडेच उरलेल्या नसतात.